वर्म आवळून बॅकलॅश जातो म्हणे

दुर्बिणीला ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या मोटरच्या माउंटसाठी एक तोडगा सगळीकडे फिरतोय: 'फोटोत तारे लांबट येतात म्हणजे बॅकलॅश (दात्यांमधली ढिलाई, दिशा बदलताना मोटर फिरते पण दुर्बीण उशिरा हलते). वर्म (दातेरी चाक फिरवणारा आट्यांचा दांडा) चाकावर घट्ट आवळा, दोन्ही अक्ष अगदी काट्यावर तोला, उरलेलं सॉफ्टवेअरच्या कॉम्पेन्सेशनवर (दिशा बदलताना मोटर ठरावीक जास्त फिरवण्यावर) सोडा.' यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळू नये.

'लांबट तारा म्हणजे बॅकलॅश.' आधी कोणत्या दिशेला लांबट, ते बघा. आरएची (पूर्व-पश्चिम अक्षाची) मोटर सेकंदाला सुमारे 15 आर्कसेकंदांनी (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) एकाच दिशेने चालते. गायडिंगचा (कॅमेऱ्याने तारा बघत छोट्या दुरुस्त्या करण्याचा) वेग या गतीच्या 0.5 पट असेल तर दुरुस्तीच्या वेळी ती मंदावते, उलटी फिरत नाही, त्यामुळे दाते सहसा एकाच बाजूला टेकलेले राहतात. 180 दात्यांच्या चाकात वर्मचा एक फेरा साधारण 8 मिनिटांचा. गायडिंगच्या आरए आलेखात दर 8 मिनिटांनी तीच लाट दिसत असेल तर ती पीरिऑडिक एरर, म्हणजे वर्मच्या दर फेऱ्याला तशीच येणारी चूक. आवळून ती जात नाही. बॅकलॅश छळतो तो डेकमध्ये (उत्तर-दक्षिण अक्षात), कारण तिथली मोटर थांबते आणि उलटी फिरते.

'वर्म आवळा.' पण ढिलाई आहे कुठे? वीज बंद, क्लच घट्ट, झाकण काढलेलं. आता दुर्बिणीची नळी टोकाला धरून हलकेच डोलवा. वर्म लांबीच्या दिशेने मागेपुढे सरकला तर त्याच्या बेअरिंगचा नट सैल आहे. वर्म जागचा हलत नाही पण चाक हलतं, तर दात्यांमध्ये फट आहे. दोन्ही नाही, तरी दिशा बदलताना उशीर होतोच? मग मोटर आणि वर्म यांच्यामधले गिअर किंवा सैल ग्रब स्क्रू (गिअर दांड्यावर पक्का करणारा छोटा स्क्रू) तपासा. नळी हलवून वर्म फिरत नाही, म्हणून ही ढिलाई हाताला लागतच नाही.

फट खरोखर दात्यांत असली तरी बेताने. चाक कधीच तंतोतंत गोल नसतं. सैल जागी आवळलं तर दुसरीकडे अडकतं. पूर्ण फेरा फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि तिथे केसभर मोकळीक ठेवा. थंडीत वेगवेगळे धातू वेगवेगळे आकसतात, त्यामुळे घरात मऊ चालणारं माउंट रात्री बाहेर अडू शकतं. अडलेला डेक दोन-तीन पल्स (गायडिंगचे दुरुस्तीचे धक्के) गिळतो आणि मग उडी मारतो. आलेखात हे हुबेहूब बॅकलॅशसारखं दिसतं, आणि माणूस पुन्हा पाना उचलतो!

'काट्यावर तोला.' आरएमध्ये उलट करा: पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा. अगदी समतोल असला तर दाते फटीत इकडेतिकडे तरंगतात. मेरिडियन फ्लिपनंतर (तारा मध्यरेषा ओलांडतो तेव्हा नळी माउंटच्या दुसऱ्या बाजूला घेतल्यावर) वजन पुन्हा सरकवावं लागतं, हे बरेच जण विसरतात.

'कॉम्पेन्सेशनने शून्य करा.' ते एकच ठरावीक माप, आणि फट सगळीकडे सारखी नसते. जास्त भरलं की तारा पलीकडे जातो, परत येतो, झोके घेत राहतो. डोळ्याने बघणाऱ्याला ते चालतं. फोटोसाठी ध्रुवीय जुळणीत (माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखण्यात) थोडी चूक राहू द्या आणि तारा डेकमध्ये ज्या बाजूला सरकतो, त्याच्या उलट दिशेलाच गायडिंग करा. दिशा बदलायची वेळच येत नाही.

मोजायचं असेल तर दिवसा, सूर्यापासून दूर, लांबचा एखादा मनोरा धरा. ट्रॅकिंग बंद. डेक उत्तरेला चालवा, मग 0.5 वेगाने दक्षिणेला. चित्र हलेपर्यंत 4 सेकंद गेले तर बॅकलॅश सुमारे 30 आर्कसेकंद. एवढ्यासाठी मी तरी पान्याला हात लावत नाही.