‘विषय संपला’ म्हणणाऱ्या वाचकास, करड्या रंगाविषयी

रंगीत इंकजेट प्रिंटरवर कृष्णधवल छायाचित्रे छापण्याविषयी मी मागच्या आठवड्यात लिहिलेल्या लेखावर एका वाचकाने चार वाक्यांची प्रतिक्रिया दिली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी ती येथे देतो: “काका, डार्करूमचा जमाना गेला आणि डोळ्यांनी रंग जोखायचे दिवसही गेले. कागदाचे चांगले प्रोफाइल बनवून घ्या, करडा करडाच येतो, विषय संपला. फक्त काळ्या शाईने छापायचा सल्ला देऊन तुम्ही लोकांना दाणेदार प्रिंट काढायला लावताय. आणि ज्याला तुम्ही मेटामेरिझम म्हणता त्याचे नावही चुकीचे आहे.” खाली नाव नाही. उजेड बदलला की रंगीत शायांतून आलेल्या करड्याची छटा पालटते, म्हणून काही प्रिंट फक्त काळ्या शाईने काढावेत, असे मी त्या लेखात म्हटले होते; आणि प्रोफाइल म्हणजे ठरावीक कागदावर कोणत्या रंगासाठी किती शाई टाकायची हे प्रिंटरला सांगणारा तक्ता.

प्रथम संबोधनाविषयी. मुंबईत भाजीवाल्यापासून बँकेतल्या तरुण कर्मचाऱ्यापर्यंत सगळेच मला काका म्हणतात आणि त्यात मला कधीही कमीपणा वाटलेला नाही. पण समोरच्याचे म्हणणे ऐकण्याआधीच त्याला जुन्या जमान्यात ढकलून देण्यासाठी ‘काका’ म्हटले जाते, तेव्हा तो आदर राहत नाही. आपण लेखातल्या मजकुराशी वाद घातला असता तर मी दोन ओळींत आभार मानून मोकळा झालो असतो. आपण माझ्या वयाशी वाद घातलात, तोही निनावी राहून, आणि म्हणून हे उत्तर लांबले आहे.

नावाच्या बाबतीत आपण बरोबर आहात, आणि ते मान्य करायला मला संकोच नाही. वेगवेगळ्या पद्धतीने प्रकाश परावर्तित करणाऱ्या दोन वस्तू एका उजेडात सारख्या दिसणे याला मेटामेरिझम म्हणतात. एकाच प्रिंटचा रंग उजेडागणिक पालटणे याला तो शब्द काटेकोरपणे लागू होत नाही. छपाईच्या धंद्यात आम्ही सगळेच तो सैलपणे वापरतो आणि मीही वापरला. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रदर्शनात प्रिंट कधी एकटा टांगलेला नसतो. निव्वळ काळ्या शाईचा प्रिंट आणि रंगीत शायांच्या मिश्रणातून आलेला प्रिंट शेजारी लावले, ते खिडकीपाशी एकसारखे वाटले आणि दिव्याखाली वेगळे पडले, तर त्याला मेटामेरिझमच म्हणतात, आणि लेखातले माझे उदाहरण नेमके तेच होते.

आता ‘करडा करडाच येतो’ या वाक्याकडे वळतो, कारण खरा गैरसमज तिथे आहे आणि तो आपल्या एकट्याचा नाही. घरोघरी असलेल्या सहा शायांच्या बहुतेक फोटो प्रिंटरमध्ये निळसर, गुलाबी, पिवळी, काळी, फिकट निळसर आणि फिकट गुलाबी या शाया असतात. करडी शाई नसते. उजळ भागात काळ्या शाईचे ठिपके डोळ्यांना टोचतात, म्हणून असा प्रिंटर तिथे काळी शाई जवळजवळ वापरतच नाही, आणि चेहऱ्यावरचा हलका करडा, आभाळाचा करडा, पांढऱ्या साडीच्या चुणीतला करडा हे सगळे तो तीन रंग एकमेकांवर तोलून तयार करतो. निळसर शाई तांबडा प्रकाश शोषते, गुलाबी शाई हिरवा आणि पिवळी शाई निळा. तिघींचा तोल साधला की डोळ्याला करडा दिसतो, पण त्या करड्याच्या परावर्तनाच्या आलेखात चढउतार राहतातच. उजेड बदलला की तोल ढळतो. काजळीपासून बनलेली काळी शाई मात्र दृश्य प्रकाशाच्या सगळ्या पट्ट्यात बऱ्याच समपणे शोषण करते. ती किंचित उबदार, तपकिरीकडे झुकलेली दिसेल, पण जशी असेल तशी सगळीकडे राहील.

प्रोफाइल या बाबतीत काय करते? रंगांचे शेकडो चौकोन छापून ते स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजणाऱ्या यंत्राने मोजले जातात, आणि त्या मोजणीवरून कोणत्या रंगासाठी कोणती शाई किती टाकायची याचा तक्ता तयार होतो. त्या तक्त्याचा हिशोब डी50 या प्रमाणित उजेडाचा असतो, म्हणजे साधारण 5000 केल्विन (केल्विनचा आकडा जितका कमी, उजेड तितका पिवळसर). त्या उजेडात करड्यातली रंगाची झाक मोजणारे ए आणि बी हे दोन्ही आकडे शून्याजवळ आले की प्रोफाइलचे काम झाले. माझा प्रश्न एवढाच आहे की आपल्या घरात डी50 कुठे आहे? दादरच्या एखाद्या दिवाणखान्यात 6500 केल्विनची पांढरी ट्यूब असते, शेजारच्या खोलीत 2700 केल्विनचा पिवळसर एलईडी असतो, आणि खिडकीतून येणारा उजेड समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून परतून आलेला असतो. प्रोफाइलने एका उजेडाचे वचन दिलेले असते. बाकीच्या उजेडांचे उत्तर शाईतच शोधावे लागते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. 1988 पासून सतरा वर्षे मी गिरगावातल्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये प्रिंट काढले. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद हाताळला, ट्रेमध्ये ओला असताना उजळ वाटणारा प्रिंट वाळल्यावर किती गडद होतो याचा अंदाज घ्यायला शिकलो, आणि एकाच पाकिटातल्या दोन कागदांचा टोन वेगळा आला तर तो डार्करूममधल्या लाल दिव्याखाली (सेफलाइट) नव्हे, सकाळी गच्चीवर नेऊन पाहायचा, हे माझ्या गुरूंनी मला पहिल्याच महिन्यात बजावले होते. डोळ्यांनी रंग जोखायचे दिवस गेले असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या डोळ्यांना काय दिसत होते ते आधी समजून घ्यावे.

पुढे एका प्रदर्शनासाठी मी माझी चोवीस व्यक्तिचित्रे शहरातल्या एका लॅबकडून छापून घेतली. रंगीत प्रिंटर, उत्तम कागद, खास त्या कागदासाठी बनवलेले प्रोफाइल, सगळे आपल्या सल्ल्याबरहुकूम. लॅबच्या प्रमाणित दिव्याखाली प्रिंट निर्दोष होते आणि मी स्वतः ते पसंत केले. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी दालनातले हॅलोजन दिवे लागले, आणि चोवीसही चेहऱ्यांच्या सावल्यांवर गुलाबी झाक चढली. माझ्या आईचे चित्र त्यात होते. तिच्या पांढऱ्या केसांवर तो गुलाबीपणा पाहून मी रात्रभर झोपलो नाही. ‘विषय संपला’ हे शब्द मला का झोंबले ते आता आपल्या लक्षात यावे.

हा दोष माझ्या कल्पनेतला असता तर प्रिंटर बनवणाऱ्यांनी त्यावर इतकी मेहनत घेतली नसती. एप्सनने 2005 मध्ये स्टायलस फोटो आर2400 आणि त्याच्या मोठ्या भावंडांमध्ये काळी, फिकट काळी आणि अतिफिकट काळी अशा तीन घनतांच्या शाया दिल्या आणि कृष्णधवल छपाईचा वेगळा मोड आणला, तो याचसाठी. त्या मोडमध्ये करड्याचा भार मुख्यतः काळ्या-करड्या शायांवर असतो आणि रंगीत शाई छटा सावरण्यापुरती, अगदी थोडी पडते. रॉय हॅरिंग्टन यांचे क्वाडटोन रिप हे छपाईचे सॉफ्टवेअर तर कोणती शाई कोणत्या टोनला किती पडावी हे थेट छापणाऱ्याच्याच हाती देते. जॉन कोन यांनी पिझोग्राफी या आपल्या कृष्णधवल छपाईच्या पद्धतीत प्रिंटरमधल्या रंगीत शायाच काढून सगळ्या करड्या भरल्या. प्रोफाइलने विषय संपत असता तर या माणसांनी इतका खटाटोप कशाला केला असता, याचे उत्तर आपण द्यावे. मी वाट पाहीन.

आणखी एक गोष्ट, जी चकचकीत माहितीपत्रकात सापडत नाही. करडा तीन शायांवर उभा असेल तर फिकट गुलाबीची चार नोझल, म्हणजे शाई फवारणारी बारीक छिद्रे, तुंबली तरी सगळा प्रिंट हिरवट होतो. जुलैमध्ये कागद हवेतला दमटपणा ओढून घेतो, शाई वाळायला वेळ लागतो, आणि डिसेंबरमध्ये बनवलेल्या प्रोफाइलवर माझ्या खोलीत तरी तोच करडा येत नाही. मी कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवतो आणि प्रत्येक छपाईआधी नोझल चेकचा, म्हणजे छिद्रे मोकळी आहेत का हे दाखवणारा, नमुना काढतो.

दाण्यांविषयी आपण जे लिहिले आहे त्यावर शब्द खर्च करावेत असे मला वाटत नाही. तो सल्ला मॅट कागदापुरता आणि हातभर अंतरावरून पाहण्याच्या प्रिंटपुरता होता, हे लेखात स्पष्ट लिहिलेले आहे; वाचले असते तर दिसले असते.

आपल्याला खरोखर पडताळून पाहायचे असेल तर एकवीस पायऱ्यांची करडी पट्टी आपल्या प्रोफाइलने छापावी, तीच पट्टी फक्त काळ्या शाईने छापावी, दोन्ही चोवीस तास वाळू द्याव्यात आणि मग शेजारी धरून सकाळी खिडकीशी, संध्याकाळी ट्यूबखाली आणि रात्री पिवळ्या दिव्याखाली पाहाव्यात. मधल्या सात-आठ पायऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. जे दिसेल ते नावासह लिहावे, मी ते जसेच्या तसे छापीन.

मेटामेरिझम या शब्दाची दुरुस्ती मूळ लेखात आजच केली आहे. काळ्या शाईचा परिच्छेद होता तसाच ठेवला आहे.