दोनावर पाच पंचवीस

गेल्या सोमवारी दुसरीच्या मुलांना मी पाटीवर ‘पंचवीस’ लिहायला सांगितले आणि चौदांपैकी सहा पाट्यांवर ५२ उमटले. अक्कलकोट तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसतात, त्यामुळे दरवर्षी पावसाळा संपता संपता हे ५२ माझ्या भेटीला येतातच. पूर्वी मी अशा उत्तरावर फुली मारून पुढे जात असे. या वेळी तसे केले नाही, आणि त्याचे कारण तिसऱ्या रांगेत बसणारा एक मुलगा आहे.

या मुलाच्या घरी कन्नड बोलतात. वडिलांची स्टँडजवळ चहाची टपरी असल्यामुळे सुट्या पैशांचा हिशोब त्याला शाळेत येण्याआधीपासूनच थोडाफार येतो. ‘पंचवीस’ ऐकल्यावर त्याने लगेच पेन्सिल उचलली नाही. ओठातल्या ओठात तो ‘इप्पत्तैदु’ असे पुटपुटला, मग आधी २ काढला आणि त्याच्या शेजारी ५. कन्नडमध्ये ‘इप्पत्तु’ म्हणजे वीस आणि ‘ऐदु’ म्हणजे पाच. वीस आधी, पाच नंतर, म्हणजे जसे बोलायचे तसेच डावीकडून लिहीत जायचे. मराठीत मात्र पाच आधी ऐकू येतात आणि वीस मागून. कान जे आधी ऐकतो तेच हात आधी लिहितो, एवढाच त्या सहा जणांचा गुन्हा. ती सहाही मुले घरी मराठी बोलणारी होती, हे मी पाट्या गोळा करताना पाहिले आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले.

ही काही एकट्या मराठीची खोड नाही. हिंदी, गुजराती याच चालीने मोजतात, आणि जर्मन भाषेतही एकवीस म्हणताना एक आधी येतो. आपल्याकडे त्यात भर पडते ती बदलत्या रूपांची. एकवीसमधला ‘वीस’ स्वच्छ ऐकू येतो, पण त्रेसष्टमधले साठ किंवा अठ्ठ्याहत्तरमधले सत्तर मुलाने कुठे शोधायचे? मोठ्यांना हे जाणवत नाही, कारण आपण त्या नावांची फोड करतच नाही. ती आपल्याला अख्खीच्या अख्खी पाठ असतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचनही आले तेव्हा जो गदारोळ झाला, तो अनेकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरांनी भरलेल्या या नावांमुळे लहान मुलांच्या मनात गणिताची भीती बसते. पण ते शांतपणे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत फार थोडे लोक होते. विषय विधानसभेत गेला आणि तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरही सभागृहात कोटी झाली. मीही त्या दिवसांत आलेले विनोद हसत हसत पुढे ढकलले होते, हे इथे कबूल केलेले बरे. मराठी बुडाली, असे लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी सहा-सात वर्षांच्या मुलाची पाटी जवळून पाहिली असेल, असे आज वाटते. पण तेव्हा मी स्वतः रोज पाट्या पाहत असूनही माझे डोके कुठे चालले होते?

माझे म्हणणे असे की ती पद्धत आपल्याला नवी नव्हतीच. आमच्या आजीच्या पिढीने ‘एकावर एक अकरा, एकावर दोन बारा’ आणि पुढे ‘दोनावर एक एकवीस, दोनावर दोन बावीस’ अशी उजळणी सुरात म्हटली आहे. या एका ओळीत सगळे आहे. दोन आधी, मग एक, म्हणजे लिहिण्याचा क्रम. आणि शेवटी ‘एकवीस’, म्हणजे बोलण्याचे नाव. ‘वीस एक’ हे वाचन जे साधू पाहत होते ते जुन्या उजळणीने नाव न बदलता साधले होते. भांडायचेच होते तर ही उजळणी वर्गातून का गेली यावर भांडायला हवे होते. घोकंपट्टी वाईट, असे आम्हाला प्रशिक्षणात सांगितले गेले आणि आम्ही घोकंपट्टीबरोबर त्यातला ठेकाही टाकून दिला.

मंगळवारी खराट्याच्या काड्या आणल्या. दहा-दहांचे गठ्ठे रबराने बांधायचे आणि उरतील त्या सुट्या ठेवायच्या. गणिताचा पूर्ण तास त्यातच गेला, आणि पहिलीच्या मुलांनी निम्मे रबर हाताला बांगड्यांसारखे घालून घेतले. सोमवारी ५२ लिहिणाऱ्या एका मुलीला मी तिच्या पाटीवरच्या आकड्याएवढ्या काड्या मांडायला सांगितल्या. तिने पाच गठ्ठे मांडले, दोन सुट्या मांडल्या, त्या ढिगाकडे पाहिले आणि म्हणाली, “बाई, हे लईच झालं.” मग कुणी न सांगता तिने ओल्या फडक्याने पाटी पुसली. माझ्या फुलीने जे इतकी वर्षे जमले नव्हते ते त्या ढिगाने केले.

बुधवार गेला. सकाळी आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद होती आणि दुपारी एक माहिती तातडीने ऑनलाइन भरायची होती, जी गेल्या महिन्यात आम्ही वेगळ्या नमुन्यात भरून दिलेलीच होती. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन मागतो, आणि जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असेही सांगतो. माहिती भरणे हे शैक्षणिक काम की अशैक्षणिक, यावर आमच्या शिक्षकखोलीत (म्हणजे व्हरांड्यातल्या दोन खुर्च्यांवर) बरीच चर्चा झालेली आहे. लहान मुलांना वाचन-लेखन आणि संख्या यावीत यासाठीच्या ‘निपुण भारत’ या सरकारी मोहिमेनुसार दुसरीच्या मुलाने ९९९ पर्यंतच्या संख्या वाचायच्या आणि लिहायच्या आहेत. ध्येय योग्यच आहे. पण माझा वर्ग पंचविसावर अडला आहे हे त्या नमुन्यात लिहायला रकाना नाही. तिथे फक्त ‘साध्य’ आणि ‘असाध्य’ आहे, ‘आज पाटी स्वतः पुसली’ नाही.

गुरुवारी परिपाठानंतर उजळणी सुरू केली. ‘दोनावर’ म्हणताना गठ्ठे उचलायचे आणि ‘पाच’ म्हणताना सुट्या काड्या. चहावाल्याच्या मुलाला मी म्हटले की तू तुझ्या भाषेत म्हणून दाखव. तो आधी लाजला, मग ‘मूवत्तारु’ म्हणाला आणि तीन गठ्ठे व सहा काड्या त्याने इतक्या झटकन उचलल्या की बाकीची मुले ‘परत म्हण, परत म्हण’ करू लागली. शाळेत आल्यापासून त्याची घरची भाषा वर्गात कुणाच्या कामी आली, असे त्या दिवशी पहिल्यांदाच घडले. शुक्रवारी खिचडीच्या रांगेतही तो ठेका चालू होता.

शनिवारी सकाळच्या शाळेत पुन्हा ‘पंचवीस’ सांगितले. या वेळी ५२ फक्त एका पाटीवर होते. मला जरा चेव आला आणि मी एकोणपन्नासाला हात घातला, जे करायला नको होते. इथे तर चार आणि नऊ यांपैकी एकही ऐकू येत नाही. पन्नासाला एक उणा म्हणून एकोणपन्नास, हा हिशोब मुलाने नावातूनच ओळखायचा; आणि त्याची सवय होते न होते तोच नव्याण्णवला ही रीतही मोडते, तिथे कुणी एकोणशंभर म्हणत नाही. मी फळ्याकडे वळून हे सारे कसे सांगावे याचा विचार करत होते, तेवढ्यात सोमवारची तीच मुलगी पाच गठ्ठे छातीशी धरून पुढे आली. तिने एका गठ्ठ्याचे रबर सोडले, त्यातली एक काडी काढून माझ्यापुढे धरली आणि विचारले, “बाई, ही कुठं ठेवू?”