नवश्रीमंतांनो, आधी बदली माणूस बघा

अभिनंदन. जमिनीला भाव आला म्हणा, कंपनी विकली गेली म्हणा, पैसा एकदाचा आला. आता सल्ला द्यायला रांग लागेल. कोणी म्युच्युअल फंड सांगेल, कोणी दुबईतला फ्लॅट. सगळ्यांचं ऐकून घ्या, पण पहिली गुंतवणूक बदली माणसात करा. गिरण्यांच्या काळात बदली कामगार असायचे. कायम कामगार रजेवर गेला की त्याच्या मशीनवर उभे राहायचे. तुम्हालाही तसाच माणूस हवा. करणार तुम्ही, निस्तरणार तो.

सुरुवात राहत्या इमारतीपासून करा. टॉवरच्या पहिल्याच सभेत ठराव मांडा, की घरकामाच्या बायका, डिलिव्हरीवाले आणि ड्रायव्हर यांनी सर्व्हिस लिफ्टच वापरावी. मेन लिफ्टमध्ये लॅब्राडॉर चालेल, त्याला घराणं असतं. सर्व्हिस लिफ्ट बहुधा कुणाच्या तरी इंटिरिअरच्या डेब्रिजने भरलेली असते. त्यामुळे भांडीवाल्या मावशी बेसमेंटमध्ये सिमेंटच्या गोण्यांशेजारी ताटकळतील आणि बाविसाव्या मजल्यावर पोचायला त्यांना उशीर होईल. त्या उशिराचे पैसे कापा. ठरावाखाली तुमचं नाव नको, 'मॅनेजिंग कमिटी' एवढंच छापा. वॉचमनचा पगार थकला? तो एजन्सीचा माणूस. एजन्सी म्हणेल, सोसायटीने बिल दिलं नाही. तुम्ही म्हणा, कमिटीला विचारा. फिरून फिरून तो परत गेटवर येईल आणि तुमच्या गाडीला सलाम ठोकेल.

हात बसला की मोठं काम घ्या. विजय मल्ल्यांचा कित्ता गिरवण्यासारखा आहे. त्यांच्या किंगफिशर विमान कंपनीची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर बसली, कर्मचाऱ्यांचे महिनोन्‌महिने पगार अडकले. डिसेंबर २०१५ मध्ये मालकांची साठी गोव्यात कांदोळीला थाटात साजरी झाली. मार्च २०१६ मध्ये मालक लंडनला गेले, तेही राज्यसभेचे खासदार असताना. मागे राहिलं १७ बँकांचं ९,००० कोटींच्या घरातलं कर्ज. यात बदली माणूस कोण, ओळखलंत? कालपर्यंतचे तुम्हीच, पासबुक छापायच्या मशीनसमोर रांगेत उभे असलेले. बँकांनी पुढे मालमत्ता विकून वसुली केली, आणि आता साहेब म्हणतात, माझ्याकडून देण्यापेक्षा जास्तच घेतलं. हा सूर घोटून घ्या. पैसे बुडवणाऱ्याने नेहमी लुबाडल्यासारखं बोलावं.

सहानुभूती मरते म्हणून घाबरू नका. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी चौकात उभं राहून केलेली पाहणी २०१२ मध्ये छापून आली. महागड्या गाडीवाले झेब्रा क्रॉसिंगवरच्या माणसासाठी कमी थांबतात म्हणे. त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं? संध्याकाळी पुण्यात जंगली महाराज रस्ता ओलांडून बघायचा. (आमच्याकडे स्कूटीवालेही थांबत नाहीत, पण ती बिचाऱ्यांची हौस.)

मात्र बदलीचा सर्वांगसुंदर नमुना पाहायचा तर पुण्यातच थांबावं लागेल. १९ मे २०२४, कल्याणीनगर, रात्रीचे अडीच. बिल्डरचा १७ वर्षांचा मुलगा आणि पोर्शे. मोटारसायकलवर दोघं अभियंते, तरुण आणि तरुणी, दोघंही २४ वर्षांचे, मध्य प्रदेशातले. पोर्शेने उडवलं, दोघंही गेले. पोर्शेची पक्की नोंदणी झालेली नव्हती, कारण १,७५८ रुपये शुल्क भरायचं राहिलं होतं. (किरकोळ रकमा भरत जाऊ नका, सवय लागते.) १५ तासांच्या आत बाल न्याय मंडळाने जामीन दिला. अटी काय, तर १५ दिवस वाहतूक पोलिसांसोबत काम आणि अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध. हा लेख तुम्ही इथवर वाचलात म्हणजे तेवढे शब्द केव्हाच होऊन गेले. दमलात का?

पुढे लोक भडकले, पोराची रवानगी निरीक्षणगृहात झाली, महिन्याभरात हायकोर्टाने त्याला सोडायला सांगितलं. ते वकील बघतील. तुम्ही पोलिसांच्या आरोपांचा अभ्यास करा. कोर्टात सिद्ध व्हायचे आहेत, पण अभ्यासक्रम म्हणून उत्तम. ससून रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा नमुना कचऱ्याच्या डब्यात गेला आणि त्याच्या जागी आईचं रक्त आलं, असं पोलीस म्हणतात. त्यासाठी ३ लाख रुपये शिपायाच्या हाती पडले आणि त्यातून डॉक्टरचा वाटा पोचला, असंही. रक्ताचं नातं वेळेला उपयोगी पडतं ते असं. आणि कोण म्हणतं श्रीमंतांना काळीज नसतं? या घरात ते भरपूर दिसतं, फक्त सगळं बाळ्याच्या वाट्याला गेलेलं. आपला तो बाळ्या. मोटारसायकलवरच्यांबद्दल एवढंच विचारायचं, की इतक्या रात्री बाहेर काय करत होते?

एक खबरदारी मात्र घ्या. बदली माणूस उलटतो. याच प्रकरणात घरच्या ड्रायव्हरने आधी सांगितलं, गाडी मीच चालवत होतो. मग त्यानेच तक्रार दिली, की मला बंगल्यावर डांबून ठेवलं, आमिष दाखवलं, धमकावलं. त्या तक्रारीवरून मुलाच्या आजोबांना अटक झाली. इतका खर्च, इतकी धावपळ, आणि गाडं अडलं कुठे, तर पगारी माणसाच्या जबाबापाशी! तेव्हा ड्रायव्हर ठेवताना लायसन्स सावकाश बघा. आधी विचारा, घरी कोण कोण असतं, आणि त्यांच्यात तोंडाळ कोण आहे?