म्हणे २० मिनिटांत मासे-भाजी, तेही एकाच ट्रेमध्ये!

झटपट पाककृती सांगतात: मासे आणि भाज्या ट्रेमध्ये पसरा, तेल-मीठ लावा, २०० अंशांवर ओव्हनमध्ये ढकला आणि २० मिनिटांनी जेवायला बसा. हे लिहिणाऱ्यांनी बटाटा कधी शिजवलाय तरी का? दीड सेंटिमीटरची फोड आतून मऊ आणि कडेने लाल व्हायला ३५ मिनिटं लागतात. गाजराला ३०. आणि सुरमईची २ सेंटिमीटर जाड तुकडी १२ मिनिटांत तयार! १५ मिनिटांवर गेली की कोरडी पडायला लागते, ३५ मिनिटांनी तिचा भुसा होतो. मग दोन्ही एकदम घालून नेमकं काय मिळणार? कच्चट बटाटा किंवा भुसा. घ्या काय हवं ते.

शिवाय ओटीजी (घरातला छोटा विजेचा ओव्हन) तापायला लागणारी १०-१५ मिनिटं कुणी मोजायची? थंड ओव्हनमध्ये ट्रे सरकवला की मासा भाजायच्या आधीच पाणी सोडतो.

ट्रेचं तर विचारूच नका. या पाककृतींमधला ट्रे असतो अमेरिकेतला, १८ इंच बाय १३ इंच. आपल्या ओटीजीच्या ट्रेमध्ये त्याच्या निम्मं जेमतेम मावतं, आणि तरी लोक एक किलोचा ढीग रचतात. फोडी एकमेकींवर चढल्या की वाफ अडकते आणि भाजी भाजायची सोडून उकडते. छोट्या ट्रेला एका वेळी ४०० ग्रॅम भाजी, एकच थर, दीड मोठा चमचा तेल. बस. जास्त माणसं असतील तर दोन खेपा करा, नाहीतर सरळ तवा काढा.

आणि ‘कोणताही मासा चालेल’ हे कोणी पसरवलं? बोंबील घालून बघा, ट्रेमध्ये तळं होईल. गोठवलेला बासा तसाच टाकला तरी तेच. तो रात्रभर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवून वितळवायचा आणि टिपून कोरडा करायचा. सुरमई, रावस, हलवा चालतात. बांगडा तर उत्तमच, अंगचं तेल असतं त्याला. अख्खा असेल तर दोन्ही बाजूंनी चिरा द्या आणि १८ मिनिटं धरा.

मॅरिनेशनचा घोळ वेगळाच. अर्धा किलो तुकड्यांना अर्धा चमचा हळद, दोन चमचे तिखट, एक चमचा आलं-लसूण आणि एक मोठा चमचा आगळ (कोकमाचा खारवलेला आंबट रस) पुरे. आगळात मीठ असतंच, ते चाखल्याशिवाय वर पुन्हा चमचाभर मीठ कशाला ओतता? २० मिनिटांनी सुटलेलं पाणी ओतून टाका. मसाला जाड लिंपू नका, वरून काळा होतो आणि आत लसूण कच्चीच राहते. आगळ लावलेला मासा नुसत्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर ठेवायचा नाही, आंबटाने फॉइल खाल्ली जाते. मध्ये बेकिंगचा कागद घाला. आणि फोटोसाठी त्या लिंबाच्या चकत्या! सालीखालचा पांढरा भाग भाजला की कडू होतो आणि तो कडवटपणा माशात उतरतो. लिंबू ताटात पिळायचं असतं हो!

करायचंच असेल तर भाजी आणि मासे एकदम घालायचे नाहीत, इतकं साधं आहे. तापलेल्या ओव्हनमध्ये २१० अंशांवर बटाटा-गाजर २५ मिनिटं एकटेच. मध्ये एकदा उलटवा. मग ते कडेला सारून सिमला मिरची आणि तुकड्या मांडा, २०० वर १२ मिनिटं. सुरी टोचल्यावर मासा पाकळ्या-पाकळ्यांनी सुटला की बाहेर काढा, ट्रे गरमच असतो, आतलं शिजणं चालूच राहतं. ओटीजी तापण्यासकट हिशेब करा. ५० मिनिटं होतात, २० नाही!

आणि शेवटी ‘एकच भांडं घासायचं’ म्हणे. कागद न घालता तिखट-तेल २०० अंशांवर करपलेला ट्रे कधी घासलाय? गरम पाणी आणि सोडा घालून अर्धा तास भिजत ठेवल्याशिवाय कोपऱ्यातलं काळं हलतसुद्धा नाही.