कॉपीची कॉपी

इंदुरात मराठी घरांतही वहीला कॉपी म्हणतात, हे पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना दरवेळी नव्यानं सांगावं लागतं. ‘‘आई, उद्या शाळेत कॉपी न्यायचीय!’’ असं पोरगं बिनदिक्कत ओरडतं आणि सोफ्यावरच्या आत्याबाईंचा पोह्यांचा चमचा हवेतच थांबतो. त्यांच्याकडे कॉपी करताना पकडतात, आपल्याकडे ती पन्नासेक रुपयांना मिळते. हे दोन्ही अर्थ एकाच घरात नांदवायचे असतील तर कॉम्प्युटर उघडा आणि वर्डमध्ये रेघांच्या वहीचं पान तयार करायला बसा.

प्रसंग ओळखीचाच आहे. शाळेच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला निरोप येतो: मोरावरचा प्रकल्प उद्याच द्यावा, रेघांच्या कागदावर, स्वहस्ते. चिरंजीवांनी तो कधीच टाइप करून ठेवलाय. की-बोर्डही हातांनीच चालतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. खजूरी बाजारातली कॉपी-किताबांची दुकानं मिटलेली. सराफ्यात दागिन्यांची दुकानं मिटून खाण्याची लागलेली. तिथे या घटकेला भुट्ट्याचा कीस मिळेल, थंडी असली तर गराडूही मिळतील, पण रेघांचा कागद नाही. शेजारच्या काकूंकडे चार पानं मागायला मात्र जाऊ नका. त्या देतील, आणि मग करायला काहीच उरणार नाही.

सुरुवात सोप्या चुकीनं करा. व्ह्यूमध्ये जाऊन ग्रिडलाइन्सवर टिक मारा. पानभर चौकटी उमटतील. घरातल्या सगळ्यांना तेव्हाच बोलावून दाखवा, कारण नंतर दाखवता येणार नाही. त्या चौकटी चित्रं सरळ मांडण्यासाठी फक्त पडद्यावर असतात, कागदावर त्या उतरत नाहीत. पेज कलरमध्ये जाऊन रेघांचं चित्र मागे टाकलंत तरी तेच. पडद्यावर वही, प्रिंटरमधून पांढरा कागद. पार्श्वभूमी छापायची परवानगी ऑप्शन्समधल्या डिस्प्लेत जाऊन वेगळी द्यावी लागते. ती खूण सापडेपर्यंत अकरा वाजतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तोवर अंडरस्कोअरनं रेघा मारून बघा. तीन अंडरस्कोअर देऊन एंटर दाबलंत की वर्ड आपणहून पानभर रेघ ओढून देतो. तुम्ही सांगितलेलं नसतं, त्याला वाटतं. पुसायला गेलात की मात्र ती माउसच्या तावडीत सापडत नाही, कारण ती अक्षरांत मोडतच नाही. ती परिच्छेदाची किनार असते आणि परिच्छेद खाली सरकला की साडीच्या काठासारखी त्याच्याबरोबर जाते.

मग टेबल. एक रकाना, तीस ओळी, दोन्ही बाजूंच्या उभ्या कडा पुसलेल्या, प्रत्येक ओळीची उंची ठरवून बांधलेली. दिसायला झकास. फक्त पहिल्या ओळीतलं वाक्य भरलं की ते दुसऱ्या ओळीत उतरत नाही, तुम्हीच बोट धरून उतरवायचं. मधला एखादा शब्द खोडला तर खालचं काही वर सरकत नाही. लोक याला दोष म्हणतात. मी म्हणेन, सगळ्या पद्धतींत हीच अस्सल, कारण खऱ्या वहीतही सरकत नाही.

जाणकार मात्र रेघा हेडरमध्ये काढतात. एकदा काढल्या की प्रत्येक पानावर आपोआप येतात आणि टाइप करताना हलत नाहीत. रंग फिकट निळाच ठेवा. इतका फिकट की खरी वही वाटली पाहिजे. डावीकडे समासाची उभी लाल रेघ. मग लाइन स्पेसिंगमध्ये ‘एक्झॅक्टली’ निवडून 24 पॉइंट घाला आणि परिच्छेदानंतर वर्ड जी जागा सोडतो ती शून्य करा. एका इंचात 72 पॉइंट, म्हणजे 24 पॉइंटांचे झाले 8.47 मिलिमीटर. तुम्ही साहजिकच रेघा साडेआठ मिलिमीटरवर काढाल, इतका हिशेब कोण करतो! पहिल्या दहा ओळी कुणालाही काही कळणार नाही. तिसाव्या ओळीला मोर रेघेपासून एक मिलिमीटर वर उडालेला असेल.

अक्षर जरा मोठं घेतलंत तर आणखी एक गंमत. ‘एक्झॅक्टली’ म्हणजे एक्झॅक्टली. नेमून दिलेल्या उंचीबाहेर डोकं काढलं की वर्ड ते उडवतो. इंग्रजीला फारसं बिघडत नाही. आपल्या अक्षरांचा मात्र निम्मा संसार माळ्यावर असतो: मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार. ‘मोर’चा ‘मार’ होतो आणि ‘लांडोर’ची ‘लाडार’. बाईंना पहिल्याच पानावर ‘मार’ वाचायला मिळावा हे बरं दिसत नाही, तेव्हा अक्षर लहान करा.

एवढं झाल्यावर लक्षात येईल की अक्षरं रेघेवर बसली आहेत, फांदीवरच्या चिमण्यांसारखी. इंग्रजीचं ठीक आहे, ती बसणारीच जात. आपली अक्षरं वरून लटकतात. दुरेघी वहीत शिरोरेषा वरच्या रेघेवर द्यायची आणि अक्षर तिच्याखाली सोडायचं, हे गुरुजींनी छडी दाखवून शिकवलेलं असतं. ही लिपी स्वतःची रेघ घरून घेऊन येते. तिला तुमची रेघ देणं म्हणजे छत्री घेऊन आलेल्याच्या डोक्यावर दुसरी छत्री धरणं. पण आता माघार नाही. हेडरमध्ये परत जा आणि सगळ्या निळ्या रेघा वर सरकवून बरोबर शिरोरेषांवर बसवा.

आणि पाहा काय झालं! रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, अक्षरं तिच्याखाली लटकलेली, शब्द कुठे सुटला हे शोधावं लागतं. अभिनंदन, तुम्ही मोडीपर्यंत पोचलात. होळकरांच्या दफ्तरातला कारकून हेच करायचा: आधी कोऱ्या कागदावर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या, मग बोरू टेकवून त्यांना अक्षरं टांगायची. अहिल्याबाईंचा कारभार 1767 ते 1795 असा चालला, त्यात हेडर-फुटर लागल्याचं ऐकिवात नाही. (जपानी लोकांची हौस मात्र वर्डनं पुरवली आहे. त्यांच्या हस्तलिखितासाठी चारशे घरांचा चौकटीदार कागद आत तयार आहे. आपण कुणी मागितलाच नसावा.)

आता हस्ताक्षर. ‘कलम’ नावाचा देवनागरी फॉन्ट फुकट मिळतो आणि खरंच हातानं लिहिल्यासारखा दिसतो. अडचण एवढीच की त्यातला प्रत्येक ‘म’ जुळ्या भावासारखा. चिरंजीवांच्या हातून दोन ‘म’ सारखे आले तो दिवस अजून उगवायचा आहे, तेव्हा अधूनमधून एखादं अक्षर थोडं मोठं, थोडं खाली करा. दोन-चार शब्दांवर काट मारा. शुद्धलेखनाच्या चुका मुद्दाम घालाव्या लागणार नाहीत, त्या मूळ मजकुरात आहेत. हळदीचा तेलकट डाग कॉम्प्युटरवर काढत बसू नका. छापलेलं पान सकाळी पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवा, तो पडेल.

घरच्या प्रिंटरला कागदाच्या अगदी काठापर्यंत छापता येत नाही, त्यामुळे रेघा चारही बाजूंनी थोड्या आधीच थांबतील. वहीच्या रेघा थांबत नाहीत, पानाबाहेर जातात. कडा कात्रीनं कापा. पान लहान झालं म्हणून कुणी विचारलं तर वही लहान होती म्हणा.

रात्रीचा पाऊण वाजला असेल. दहा पानं छापून, कापून तयार आहेत. झोपण्यापूर्वी ग्रुपवर एकदा नजर टाका. बाईंचा दुसरा निरोप पावणेदहालाच आलेला आहे: सर्वांनी प्रकल्प मोबाइलनं स्कॅन करून पीडीएफ पाठवावी, कागद शाळेत आणू नयेत.

हरकत नाही. स्कॅनरचं अ‍ॅप उघडा, एकेका पानाचा फोटो घ्या आणि पान स्वच्छ दिसावं म्हणून काळ्या-पांढऱ्याचा फिल्टर लावा. अ‍ॅप कागदावरच्या सावल्या काढेल, हळदीच्या डागासाठी राखून ठेवलेला कोपरा लख्ख करेल, आणि निळ्या रेघा, तुम्ही मन लावून इतक्या फिकट ठेवलेल्या, त्याही कचरा समजून साफ करेल. पांढऱ्याशुभ्र पानावर टाइप केलेला मोर राहील. फाइलला नाव द्या ‘फेअर कॉपी’ आणि पाठवा.