स्टँडवर जादा पैसे कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

ऑफिससाठी मॉनिटर निवडण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सडेतोड लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: २४ इंचात अडकण्यापेक्षा सरळ २७ इंची फुल एचडी घ्यावा, पडदा मोठा तर डोळ्यांना आराम, उंची बदलणाऱ्या स्टँडवर खर्च करण्यापेक्षा खाली कागदाची दोन रिमं सारली की भागतं, ब्लू लाइट मोडबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही, आणि एकूण लेख कुणा विक्रेत्याने लिहवून घेतल्यासारखा वाटतो. शेवटच्या मुद्द्यावर काय बोलणार? लेखात एकाही कंपनीचं नाव नाही.

आधी आकार. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल, पडदा केवढाही असो. २४ इंचात ते इंचाला साधारण ९२ पडतात, २७ इंचात ८२. व्हिडिओ बघताना हा फरक फारसा जाणवत नाही. पण वर्डमध्ये नऊ-दहा पॉइंटातलं मराठी पत्र उघडा आणि ‘राष्ट्र’, ‘उद्ध्वस्त’ असले शब्द नीट बघा. जोडाक्षराच्या पोटातली पांढरी जागा बुजलेली दिसेल आणि वाचणारा नकळत मान पुढे काढेल. २७ हवाच असेल तर २५६० × १४४० चा घ्या, तिथे हाच आकडा १०९ च्या आसपास जातो. फोर-के आणखी रेखीव, पण त्यात स्केलिंग (अक्षरं-चिन्हं मोठी दाखवायची सेटिंग) वाढवावं लागतं आणि मग काही जुनी हिशेबाची सॉफ्टवेअरं धूसर दिसतात.

आता रिमं. त्यांनी मॉनिटर वर जातो, खाली येत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली असावी, हे खरं. पण प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्यांचं गणित वेगळं. जवळचं वाचायचा भाग त्यांच्या काचेत खाली असतो, त्यामुळे पडदा उंच असला की ते दिवसभर हनुवटी वर करून बसतात आणि संध्याकाळी मान धरते. त्यांना पडदा आणखी खाली हवा. एकाच टेबलावर दोन शिफ्ट असतील तर हा बदल रोजचाच. शिवाय प्रिंटरमधला कागद संपला की ती रिमं जागेवर राहत नाहीत, हे ऑफिसात बसणाऱ्याला सांगायला नको. बजेट खरोखरच ताणलेलं असेल तर मागे १०० × १०० मिलिमीटरची व्हेसा भोकं (वेगळा स्टँड स्क्रूने बसवायची ठरलेल्या मापाची भोकं) आहेत एवढं पाहून साधा मॉनिटर घ्या. पडदा वर-खाली करणारा आर्म नंतर लावता येईल.

ब्लू लाइट मी मुद्दाम वगळला. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्था सांगते की स्क्रीनमुळे डोळे शिणतात ते निळ्या प्रकाशाने नाही. बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. त्यापेक्षा फ्लिकर तपासा. काही मॉनिटर ब्राइटनेस कमी करण्यासाठी बॅकलाइट भराभर चालू-बंद करतात आणि काहींना त्याने डोकेदुखी होते. घाऊक ऑर्डर देण्याआधी एक नग मागवा, पांढरं पान उघडा, ब्राइटनेस अगदी खाली आणा, मोबाइल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/१००० च्या आसपास ठेवून पडद्याकडे धरा. काळे आडवे पट्टे दिसले तर तो नग परत पाठवा.

१४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा पडदा, गेमिंगवाल्यांना राहू दे. ७५ किंवा १०० त्याच किमतीत मिळालं तर लांबलचक शीट स्क्रोल करताना बरं वाटतं, इतकंच.