म्हणे सगळी चर्च सारखीच!

ओळखीच्या एकांनी आज रोमचा प्लॅन पाठवला, 'काही राहिलंय का बघ गं' म्हणून. तीन दिवस. कलोसियम, व्हॅटिकन, त्रेवी कारंजं, एक अख्खी दुपार खरेदीला. खाली टीप: 'बाकीची चर्च वगळली आहेत, सगळी सारखीच असतात.' सकाळपासून डोकं फिरलंय माझं.

सारखीच? सॅन क्लेमेंतेला जाऊन या. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याखाली चौथ्या शतकातलं, त्याच्याही खाली मिथ्र देवाचं रोमन देवस्थान. एकेक जिना उतरत शतकं मागे जायचं.

आणि सांत आगोस्तिनो. तिथे काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं 'लोरेतोची मादोन्ना' हे चित्र आहे. दारात बाळाला कडेवर घेतलेली मेरी, समोर गुडघे टेकलेले दोन गरीब यात्रेकरू. त्यातल्या पुरुषाचे अनवाणी, मळकट तळवे थेट आपल्या तोंडासमोर येतात. आम्ही गेलो तेव्हा एक बाई भाजीची पिशवी बाजूला ठेवून तशीच गुडघ्यांवर बसली होती. चित्रातल्या दोघांमागे तिसरी. आमच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी तिला हाताने खूण केली, सरका, फोटो काढायचाय. ती मुकाट्याने उठली, पिशवी उचलून खांबाआड गेली.

अजून चीड येते. ते चित्र चारशेहून जास्त वर्षं तिच्यासारख्यांसाठीच तिथे आहे, आपल्या फोनसाठी नाही!

मान्य, चौथ्या मेरीपर्यंत पाय बोलायला लागतात. हेही मान्य की या चर्चवर खर्च झालेला सगळा पैसा पवित्र नव्हता. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामासाठी पापमुक्तीची पत्रं विकली गेली आणि 1517 साली धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर त्यावरच उसळला. म्हणून चित्रं बघायचीच नाहीत?

कदाचित त्या फोटोवाल्या गृहस्थांना हे कुणी सांगितलंच नसेल. आपल्यालाही कोण सांगतं? चित्र म्हणजे म्युझियम, असंच डोक्यात बसलेलं. पण सॅन लुइजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये, सेंट मॅथ्यूला बोलावणाऱ्या येशूच्या काराव्हाज्जोच्याच चित्रात उजवीकडून उजेड येतो, आणि त्या चॅपेलची (चर्चमधल्या छोट्या प्रार्थना-दालनाची) खरी खिडकीही त्याच बाजूला, वेदीच्या वर आहे. चित्र तिथून हलवलं की ती गंमत संपली. हे बघायला श्रद्धा लागत नाही. माझी नाही. पण त्या बाईची होती, आणि तिच्यामुळेच मला ते तळवे नीट दिसले.

तर जाणाऱ्यांनो, सकाळी लवकर जा, बरीच चर्च दुपारी बंद असतात. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. सुटी नाणी ठेवा, काही ठिकाणी पेटीत नाणं टाकल्यावरच चित्रावरचा दिवा लागतो. कुणी प्रार्थनेला बसलं असेल तर मागे थांबा, फोटो राहिला तर राहू दे. आणि एकच चर्च जमणार असेल तर सांता मारिया देल पोपोलो. फ्लामिनियो मेट्रोतून बाहेर आलात की समोरच्या वेशीपलीकडे लगेच. एकाच चॅपेलमध्ये काराव्हाज्जोची दोन चित्रं, आत जायला तिकीटही नाही.